शिध्याचा हिशेब : आघाडीवरचा नित्यक्रम आणि युद्धकथनाचा प्रश्न

पहिल्या महायुद्धातून निर्माण झालेल्या युरोपीय साहित्याची चर्चा बहुधा दोन संज्ञांच्या आधारे होत आली आहे : चकमक आणि भ्रमनिरास. सैनिक उत्साहाने निघतो, यंत्रयुद्धाचे अमानुष रूप पाहतो, आणि राष्ट्र, शौर्य, त्याग ही त्याच्या मनातील मूल्ये कोसळतात, असा हा आकृतिबंध. पॉल फसेल यांच्या ‘द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी’ (१९७५) या ग्रंथाने त्याला उपरोधाच्या तत्त्वाची जोड दिली आणि विद्यापीठीय अभ्यासात तो जवळजवळ प्रमाण ठरला. त्याने पुष्कळ काही उलगडले हे मान्य करूनही एक साधी गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या कृतींवर हा आकृतिबंध बसवला जातो, त्यांची बरीचशी पाने ना चकमकीची आहेत, ना भ्रमनिरासाची. ती जेवणाची आहेत, उवांची आहेत, ओल्या बुटांची, टपालाची, ओझ्यांची आणि वाट पाहण्याची आहेत. समीक्षा या पानांना ‘वातावरणनिर्मिती’ म्हणते आणि पुढे जाते. वातावरण हे मूळ घटनेसाठी असते असे त्यात गृहीत असते. हे गृहीत तपासून पाहावयास हवे.

पश्चिम आघाडीवरील सैनिकाचे जीवन कसे विभागले गेले होते हे येथे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण कथनाचा प्रश्न या विभागणीतूनच उद्भवतो. ब्रिटिश सैन्यात एखादी बटालियन काही दिवस पुढच्या खंदकात, काही दिवस आधाराच्या खंदकात, मग राखीव म्हणून आणि त्यानंतर विश्रांतीसाठी मागच्या गावात, अशी फिरत असे. पुढच्या खंदकातही दिवस ठरलेला. पहाटे आणि सांजवेळी सर्वांनी शस्त्रे घेऊन सज्ज उभे राहावयाचे. त्याला ‘स्टँड-टू’ म्हणत. मग रमचा घोट, रायफलींची तपासणी, न्याहारी, पाळीपाळीने पहारा आणि जमेल तशी झोप. खरे काम रात्रीचे : तारांची कुंपणे दुरुस्त करणे, वाळूच्या गोण्या भरणे, पाणी आणि शिधा वाहून आणणे. ‘विश्रांती’ हा शब्दही फसवा होता. मागे आलेल्या पलटणींच्या वाट्याला कवायत, रस्तेदुरुस्ती आणि पुन्हा रात्रीची ओझी येत. या युद्धाच्या विराटपणाचे मोजमाप तोफांनी करण्याची सवय आहे. पण ब्रिटनमधून फ्रान्समध्ये सैन्यासाठी जे सामान पाठवले गेले, त्यात दारूगोळ्याचे वजन सुमारे ५२ लाख टन होते आणि घोड्या-खेचरांच्या वैरणीचे सुमारे ५४ लाख टन. तोफेआधी तोफ ओढणारे जनावर जगवावे लागते, हे या दोन आकड्यांतून जितके कळते तितके अनेक कादंबऱ्यांतून कळत नाही.

अशा जीवनाचे कथन करावयाचे तर कोणत्या रीतीने करावयाचे? येथे रशियन रूपवाद्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांचा ‘कला : एक तंत्र’ हा निबंध १९१७ सालचा, म्हणजे युद्धकाळातला. सवयीमुळे वस्तूंची जाणीव बोथट होते आणि कला अपरिचितीकरणाच्या द्वारे ती पुन्हा धारदार करते, हा त्यातील सिद्धान्त मराठी अभ्यासकांना परिचित आहे. त्यामानाने फारसे लक्षात घेतले जात नाही ते असे की सवय काय काय गिळून टाकते याची यादी देताना श्क्लोव्हस्की यांनी युद्धाच्या भीतीचाही समावेश केला आहे. त्यांनी स्वतः या युद्धात सेवा केली होती, त्यामुळे हा उल्लेख निव्वळ आलंकारिक मानण्याचे कारण नाही. मात्र त्यातून सिद्धान्तासमोर एक अडचण उभी राहते. बैठकीच्या खोलीत सवय ही जाणिवेची शत्रू असेल. खंदकात ती जिवंत राहण्याचे साधन आहे. येणाऱ्या गोळ्याचा आवाज ओळखून शरीराने आपोआप जमिनीवर पडणे, प्रेताशेजारी बसून पाव खाता येणे, ही जाणिवेची बधिरता तर खरीच. पण तीच त्या जीवनाची मुख्य घटना आहे. लेखकाने प्रेत आणि पाव यांना नव्याने ‘दिसतील’ असे मांडले, तर वाचकाला धक्का बसेल. पण सैनिकाला तो धक्का बसत नव्हता, ही वस्तुस्थिती त्या धक्क्याखाली झाकली जाईल. युद्धसाहित्याला म्हणूनच अपरिचितीकरणापेक्षा अधिक कठीण असे काहीतरी करावे लागते. भयंकर गोष्ट ओळखीची कशी होत जाते ते दाखवावे लागते, आणि ती भयंकर असल्याचे भानही सुटू द्यावयाचे नसते.

या कसोटीवर एरिख मारिया रेमार्क यांची कादंबरी पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिच्या अफाट खपामुळे आणि चित्रपटांमुळे ती काहीशी स्वस्त झाली आहे. गंभीर समीक्षा तिला भावुक म्हणून बाजूला सारते. हा आरोप उत्तरार्धातील काही प्रकरणांपुरता खराही आहे. परंतु तिची सुरुवात ही या संपूर्ण साहित्यातील सर्वांत अचूक सुरुवातींपैकी एक आहे. आघाडीपासून नऊ किलोमीटर मागे कंपनी बसली आहे आणि सगळ्यांची पोटे भरलेली आहेत. स्वयंपाक्याने दीडशे जणांचे अन्न शिजवले होते. आघाडीवरून परतले ते ऐंशी. प्रत्येकाला जवळजवळ दुप्पट वाटा मिळणार, म्हणून मंडळी खुशीत आहेत. स्वयंपाकी मात्र अडून बसतो : दीडशेचे अन्न ऐंशींना देण्याचा हुकूम त्याच्याकडे नाही. अखेर वरिष्ठाला येऊन निर्णय द्यावा लागतो. मृतांचा आकडा कादंबरीत प्रथम येतो तो असा, शिध्याच्या हिशेबातली शिल्लक म्हणून. कोणी रडत नाही, कोणी विचारमग्न होत नाही. निवेदकही थांबून काही सुचवत नाही. तो फक्त शेंगदाण्यांच्या पुडीचा हिशेब ठेवणाऱ्या पोराच्या निष्ठेने बीन्स, मांस, पाव आणि तंबाखू यांची मोजदाद करतो. येथे अपरिचितीकरण झाले असेल तर ते मृत्यूचे नव्हे, तृप्तीचे झाले आहे.

पुढे हीच मोजदाद बुटांच्या रूपाने चालू राहते. केमरिख पाय कापलेल्या अवस्थेत मरणाला टेकला आहे आणि म्युलरची नजर त्याच्या उत्तम बुटांवर आहे. बूट म्युलरकडे जातात, म्युलरनंतर पाउलकडे. या प्रसंगमालिकेला समीक्षक प्रतीक म्हणतात. प्रतीक म्हणण्याची घाई केली की बूट नाहीसे होतात. म्युलर निर्दय नाही, हे निवेदक समजावून सांगतो. चांगले बूट दुर्मीळ आहेत आणि मेलेल्याला त्यांचा उपयोग नाही, एवढेच. नित्यव्यवहाराचे नीतिशास्त्र येथे पूर्ण शांतपणे मांडले गेले आहे, आणि वाचकाला ते पटते. वाचकाला पटते याचीच भीती वाटावयास हवी.

या कादंबरीच्या शीर्षकाचाही विचार याच संदर्भात करावा लागेल. मराठी वाचकाला ती प्रायः ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या इंग्रजी नावाने माहीत आहे. हे नाव ए. डब्ल्यू. व्हीन यांच्या १९२९ सालच्या भाषांतराचे. मूळ जर्मन शीर्षकात शांततेचा उल्लेख नाही. ‘पश्चिमेकडे नवे काही नाही’ असे ते आहे. इंग्रजी शीर्षक ऐकण्याशी निगडित आहे, जर्मन शीर्षक बातमीशी. पाउल बॉयमर ज्या दिवशी मरतो त्या दिवशी सैन्याच्या पत्रकाला सांगण्यासारखे काही आढळत नाही. एका माणसाचा मृत्यू हे ‘नवे’ नाही. नित्यक्रमाची यापेक्षा कठोर व्याख्या करणे अवघड आहे, आणि ती शासकीय पत्रकाच्या भाषेतून आली आहे हे विशेष.

निवेदनशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न वारंवारतेचा आहे. जेरार जनेत यांनी १९७२ साली केलेल्या मांडणीनुसार एकदा घडलेले एकदा सांगणे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे या दोन भिन्न रीती होत. दुसरीला आवर्ती निवेदन म्हणता येईल. पारंपरिक कादंबरीत आवर्ती निवेदन पार्श्वभूमीसाठी येते आणि एकवारी प्रसंगाला वाट करून देते. जनेत यांना या व्यवस्थेचा भंग सापडला तो प्रूस्तमध्ये. तेथे आवर्ती निवेदन स्वतःच कथेचा गाभा होते. (१९१९ चा गोंकूर पुरस्कार प्रूस्तना मिळाला तो रोलाँ दोर्जेलेस यांच्या ‘ले क्रुआ द ब्वा’ या खंदकातील जीवनावरच्या कादंबरीला सहा विरुद्ध चार मतांनी मागे टाकून. त्या वेळी फ्रान्समध्ये यावर बराच गदारोळ झाला. सवयीच्या निवेदनाचा मोठा शिल्पकार आणि सवयीनेच तगलेल्या सैनिकांचा चित्रकार एकमेकांसमोर उभे केले गेले, पण हा दुवा तेव्हाच्या वादात कोणाच्या ध्यानी आलेला दिसत नाही.) युद्धकथनाला प्रूस्तइतकीच आवर्ती निवेदनाची गरज आहे, फरक एवढाच की येथे पुनरावृत्ती कोणत्याही क्षणी कायमची खंडित होऊ शकते. उद्याची न्याहारी आजच्यासारखीच असेल, परंतु ती खाणारा असेलच असे नाही. रेमार्क यांनी वर्तमानकाळ आणि ‘आम्ही’ यांचा आश्रय घेतला तो यासाठी. वर्तमानकाळ ‘आत्ता घडते आहे’ आणि ‘नेहमी घडते’ या दोन्ही अर्थांना जागा देतो. ‘आम्ही’ मधून एकेक माणूस गळाला तरी सर्वनाम शाबूत राहते.

मराठीत ही समस्या निराळ्या रीतीने उभी राहते. मराठी व्याकरणात रीतिभूतकाळ आहे. ‘तो उठे’, ‘आम्ही पाणी आणत असू’ अशी क्रियापदे आवर्ती निवेदनासाठी घडवून ठेवलेली आहेत. युद्धकथनाला हे वरदान ठरावयास हवे. परंतु मराठी गद्यात या रूपांचा वापर मुख्यतः बालपणाच्या, गावाच्या, वाड्याच्या आठवणींसाठी झाला आहे. ‘आजी गोष्ट सांगे’ या वाक्याचा ओलावा ‘गोळे पडत, आम्ही चहा करू’ या वाक्यात उतरल्यावाचून राहत नाही. स्मरणरंजनाचा हा वास रीतिभूतकाळाला चिकटलेला असल्यामुळे खंदकाचा दिनक्रम मराठीत आणणाऱ्या लेखकाला वा भाषांतरकाराला साध्या वर्तमानकाळाकडे वळावे लागते, किंवा भूतकाळात घटना एकेक करून मांडाव्या लागतात. दुसऱ्या मार्गाने गेल्यास नित्यक्रमाची घटना होऊन बसते आणि मूळ प्रश्नच नाहीसा होतो.

आँरी बार्ब्यूस यांच्या ‘ल फ’ (१९१६) चे उपशीर्षक ‘एका तुकडीची रोजनिशी’ असे आहे. युद्ध चालू असतानाच ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी गोंकूर पुरस्काराची मानकरी ठरली. पहिल्या भागात ती रोजनिशीच्या नावाला जागते. थंडीपासून बचावासाठी चढवलेल्या कपड्यांच्या चिंध्या, शिधा आणणाऱ्यांची वाट पाहणे, रात्री पावसात ओझी घेऊन वाट चुकलेली तुकडी, हे सारे बोलीच्या अंगाने येते. एका छोट्या प्रकरणात सोबती निवेदकाला विचारतो की आमच्याविषयी लिहिशील तेव्हा आमच्या शिव्या लिहिशील काय. वास्तववादाचा सगळा वाद या एका प्रश्नात सामावला आहे, आणि तो भाषेचा आहे, रक्तपाताचा नव्हे. दुर्दैवाने बार्ब्यूस यांना रोजनिशी पुरेशी वाटली नाही. शेवटच्या प्रकरणात चिखलात बुडालेले सैनिक समतेविषयी आणि भावी जगाविषयी व्याख्यानवजा संवाद करू लागतात आणि ज्यांच्या तोंडी आत्तापर्यंत बोली होती त्यांच्या तोंडी निबंध येतो. त्या विचारांशी सहमत असणाऱ्यानेही हे मान्य करावे की शिव्यांविषयी विचारणाऱ्या सैनिकाला दिलेले वचन येथे मोडले आहे.

ज्याँ नॉर्तों क्रू यांनी १९२९ साली ‘तेम्वाँ’ या प्रचंड ग्रंथात फ्रेंच सैनिकांच्या सुमारे तीनशे पुस्तकांची छाननी केली आणि बार्ब्यूसना कमी गुण दिले. स्वतः आघाडीवर राहिलेल्या क्रू यांचा आक्षेप होता की प्रेतांचे ढीग, रक्ताचे पाट, संगिनींचे द्वंद्व ही जुन्या युद्धवर्णनांची कथानकरूढी आहे आणि खऱ्या साक्षीदारानेही ती नकळत उचलली. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. पण क्रू यांचे माप साक्षीचे, त्यामुळे तारीख, ठिकाण, तुकडी यांच्या नेमकेपणावर त्यांचा भर. नित्यक्रमाला नेमकी तारीख नसते. हीच तर त्याची ओळख. अशा मापाने कादंबरी हरते आणि नित्यक्रमही हरतो.

फ्रेडरिक मॅनिंग यांच्या ‘द मिडल पार्ट्स ऑफ फॉर्च्यून’ मध्ये मात्र या अडचणीची बऱ्याच अंशी उकल झालेली दिसते. १९२९ मध्ये ती मर्यादित प्रतींत खाजगीरीत्या छापली गेली आणि १९३० मध्ये शिव्या गाळून ‘हर प्रायव्हेट्स वुइ’ या नावाने बाजारात आली. लेखकाच्या नावाऐवजी फक्त सैनिकाचा क्रमांक होता. कादंबरी एका हल्ल्याच्या शेवटाशी सुरू होते. दुसरा मोठा हल्ला शेवटाकडे आहे. मधला विस्तीर्ण भाग पिछाडीचा : गावातील मुक्काम, कचेरीतील टंकलेखन, दारू मिळवण्याच्या खटपटी, कवायती, निरर्थक हुकूम, आणि बोर्न या नायकाची आपल्या दोन सोबत्यांशी असलेली, मैत्री म्हणावे की सहवास म्हणावे, अशी जवळीक. बोर्नला फ्रेंच येते. त्यामुळे तो गावकऱ्यांशी सौदे करतो. युद्ध म्हणजे एक सतत चाललेला छोटा व्यापार आहे हे मॅनिंग यांनी जितके ओळखले तितके क्वचितच कोणी ओळखले असेल. आगामी हल्ल्याची तालीम शेतात चालू असताना एक शेतकरी स्त्री धावत येते आणि आपले पीक तुडवले म्हणून पलटणीसमोर आरडाओरडा करते. सारी शिस्तबद्ध तालीम विसकटते. प्रसंग विनोदी आहे, पण त्याचा पल्ला मोठा आहे. ज्या जमिनीवर उद्याचा इतिहास घडवावयाचा आहे ती आज कोणाची तरी मळणीची आशा आहे, आणि या दोन हक्कांत कोणता खरा हे कादंबरी ठरवून देत नाही.

डेव्हिड जोन्स यांचे ‘इन पॅरेंथिसिस’ (१९३७) या दिशेने आणखी पुढे जाते. त्याच्या चौथ्या भागात खंदकातील एकच दिवस पहाटेच्या सज्जतेपासून सांजेच्या सज्जतेपर्यंत उलगडतो. परंतु जोन्स त्या दिवसावर वेल्श आणि आर्थरियन परंपरेचे थरावर थर चढवतात. पहाऱ्याला पुराणकथेचे मोल देणे हा नित्यक्रमाचा गौरव आहे की त्यातून काढलेला पळ, हा प्रश्न तेथे खुला राहतो.

एवढ्याने नित्यक्रमाची बाजू निर्विवाद ठरली असे मात्र नाही. एर्न्स्ट युंगर यांच्या ‘इन श्टालगेव्हिटर्न’ (१९२०) मध्ये दैनंदिन खंदकजीवनाला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते उत्तम आहे. तपशील काटेकोर, निरीक्षण निर्विकार. भ्रमनिरासाचा मागमूस नाही. येथे नित्यक्रम कारागिरीसारखा येतो. खंदक हे राहते घर होते आणि युद्ध हा एक व्यवसाय. युंगर यांना वगळून नित्यक्रमाला युद्धविरोधी ठरवता येणार नाही. सवय दाखवणे आणि सवय लावणे यांतील अंतर फार थोडे आहे. वाचक रेमार्कच्या बीन्सवर सैनिकांबरोबर तृप्त होतो तेव्हाही हे अंतर त्याने काही अंशी ओलांडलेलेच असते. भ्रमनिरासवादी समीक्षेला या पानांकडे पाहावेसे वाटत नाही याचे एक कारण बहुधा हेच असावे : येथे युद्ध राहण्याजोगे होते.

या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट साहित्याबाहेरून मिळते. टोनी अ‍ॅशवर्थ या समाजशास्त्रज्ञाने १९८० साली पश्चिम आघाडीवरील ‘जगा आणि जगू द्या’ या व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शांत विभागांत समोरासमोरच्या सैन्यांत न बोलता समझोते होत. शिधा आणणाऱ्या तुकड्यांवर मारा करावयाचा नाही; न्याहारीची वेळ सांभाळावयाची; हुकमाप्रमाणे तोफ डागावयाचीच तर ठरल्या वेळी, ठरल्या जागी, म्हणजे समोरच्यांना बाजूला होता येईल. मारा चालू राहत असे. त्याचा विधी झालेला असे. वरिष्ठांना हे खपत नसे, आणि छाप्यांचे धोरण रेटण्यामागे हा समझोता मोडणे हाही हेतू होता, असे अ‍ॅशवर्थ दाखवतात. या अभ्यासाने नित्यक्रमाचा अर्थ बदलतो. तो केवळ बधिरतेचा परिणाम राहत नाही. हुकूम पाळल्याचे दाखवत हुकमाला दिलेली बगल असे त्याचे रूप दिसते. ज्याला युंगर कारागिरी म्हणून मांडतात आणि रेमार्क जगण्याची धडपड म्हणून, त्यात एक मूक राजकारणही होते. सैनिकांच्या आठवणींत याचे उल्लेख तुटक येतात. वर उल्लेखिलेल्या कादंबऱ्यांत ते कथानकाचा कणा कोठेच होत नाही. ज्याचे यश ‘काहीच घडले नाही’ यात आहे अशा कृतीभोवती कथानक रचावयाचे कसे, हा प्रश्न कादंबरीने सोडवलेला नाही.

कथानक नसलेले लेखन मात्र आघाडीवर विपुल होते. प्रत्येक बटालियनची युद्धदैनंदिनी रोज लिहिली जाई. सैनिकांना दिल्या जाणाऱ्या छापील पोस्टकार्डावर वाक्ये तयार असत. नको असलेली खोडावयाची आणि सही व तारीख याखेरीज काही लिहिले तर कार्ड नष्ट केले जाई. मजकूर खोडण्यातून निर्माण होणारा हा बहुधा एकमेव साहित्यप्रकार. फसेल यांनी त्याचे मार्मिक विवेचन केले आहे, पण त्यांच्या विवेचनातील सैनिक शिकलेला इंग्रज आहे. तो पोस्टकार्डाखेरीज कविताही लिहू शकतो. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून मार्सेय बंदरात उतरलेल्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनमधील अनेक शिपायांना स्वतः लिहिता येत नव्हते. त्यांची पत्रे लेखनिकाकडून लिहून घेतली जात, गावी कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवी, आणि मधल्या वाटेवर ती सेन्सॉरच्या हाताखालून जात. आज या पत्रांपैकी पुष्कळशी सेन्सॉरने अहवालासाठी इंग्रजीत काढलेल्या उताऱ्यांच्या रूपातच उरली आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांचे संकलन प्रसिद्ध केले.

या पत्रांत साचेबद्धपणा फार आहे, अशी तक्रार ऐकू येते. कुशल असल्याचे कळवणे, वडीलधाऱ्यांना नमस्कार, पिकाची, म्हशीची, थकलेल्या कर्जाची चौकशी. परंतु साचा म्हणजे अनुभवाचा अभाव हे समीकरण आत्मनिष्ठ काव्याच्या निकषावर बेतलेले आहे. लिहिणारा एक, सांगणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि ऐकणारे गाव, अशा स्थितीत साचा हेच सुरक्षित वाहन ठरते. काही पत्रांत काळी मिरी संपत आली आहे आणि लाल मिरची अजून शिल्लक आहे, असा मजकूर येतो. सेन्सॉरला हे कोडे सुटले होते : काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. हे रूपक स्वयंपाकघरातून घेतलेले आहे हे महत्त्वाचे. रेमार्क यांच्या कादंबरीत मृतांची संख्या शिध्याच्या हिशेबातून वाचकाला कळते. येथे ती खरोखरच मसाल्याच्या हिशेबातून घरी पाठवली गेली. पहिली कलात्मक योजना, दुसरी गरज. समीक्षेने पहिलीवर ग्रंथ लिहिले.

मुल्कराज आनंद यांनी ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ (१९४०) मध्ये या शिपायांना कादंबरीत आणले. पंजाबच्या खेड्यातून आलेला लालसिंग मार्सेयला उतरतो, फ्लँडर्सच्या चिखलात पोहोचतो आणि अखेरीस जर्मनांच्या हाती सापडतो. आनंद यांची इंग्रजी शिपायांच्या तोंडी शब्दशः भाषांतरित म्हणी घालते आणि त्या कधी कधी कृत्रिम होतात, हे खरे. तरीही या कादंबरीतील सर्वोत्तम भाग बाजारातून हिंडणारे, फ्रेंच शेती न्याहाळणारे, नांगर आणि गुरे यांची तुलना करणारे शिपाई हाच आहे. पिछाडी येथे विश्रांतीची जागा न राहता तुलनेची जागा होते.

शिपायाच्याही मागे आणखी माणसे होती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्यात साडेपाच लाखांहून अधिक बिगरलढाऊ माणसे होती : भिस्ती, मेहतर, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, धोबी, हमाल. राधिका सिंघ यांचे ‘द कुलीज ग्रेट वॉर’ (२०२०) हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. सैनिकी भाषेत ते ‘फॉलोअर’. मराठीला या वर्गासाठी शोधावे लागत नाही; पानिपतच्या छावणीपासून ‘बुणगे’ हा शब्द आपल्याकडे आहे. लढणाऱ्यांसोबत चालणारी ही न लढणारी माणसे भाषेने जपली ती मात्र ‘बाजारबुणगे’ या शिवीच्या रूपात. पानिपतविषयीच्या मराठी इतिहासलेखनातही रसद तुटल्याचा दोष त्यांच्या संख्येवर टाकण्याची प्रथा आहे. ‘ल फ’ मधील व्होल्पात इस्पितळातून परतल्यावर पिछाडीला सुखाने राहणाऱ्यांवर जो संताप काढतो, तो याच जातीचा आहे. फक्त त्याचा रोख कचेरीतल्या बाबूंवर आहे. पाणी वाहणाऱ्याबद्दल तुच्छता आणि कचेरीतल्या चुकारूबद्दल राग या दोन वेगळ्या गोष्टी. ‘आघाडीचा अनुभव’ हे मूल्य मानणारी समीक्षा दोन्ही एकाच पेटीत टाकते.

मराठी पलटणींचा या युद्धातील मुख्य अनुभव फ्रान्सचा नव्हे, मेसोपोटेमियाचा. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात त्या कुट-अल-अमारा येथे वेढल्या गेल्या आणि शरणागतीनंतर कैदेत गेल्या. या वेढ्याचा इतिहास हा शब्दशः शिध्याचा इतिहास आहे. घोडे मारून मांस वाटण्यास सुरुवात झाली तेव्हा हिंदी सैनिकांनी धर्माच्या कारणाने ते दीर्घकाळ नाकारले. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची अनुमती मागवण्यात आली. तरी ‘गावी काय सांगायचे’ ही अडचण तारेने सुटणारी नव्हती. हिंदी तुकड्यांत स्कर्व्ही पसरला, गोऱ्यांत बेरीबेरी. एकाच वेढ्यात दोन प्रकारची उपासमार होती, आणि त्यांची विभागणी गोळ्यांनी न होता ताटांनी झाली. या ताटाभोवती मराठीत कादंबरी लिहिली जाऊ शकली असती. कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या ‘सैन्यातील आठवणी’ सारखे, लष्करी डॉक्टराने लिहिलेले पुस्तक मराठीत आहे. पण मराठी समीक्षेने त्याला विनोदी कथाकाराचे जोडलेखन यापलीकडे स्थान दिलेले नाही.

कुटमधून जे एक दैनंदिनीवजा लेखन हिंदी भाषांत आले ते बंगालीत, शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ (१९५७). लेखक बंगालच्या रुग्णसेवा पथकातले, म्हणजे पुन्हा न लढणाऱ्यांपैकी. कैद्यांच्या वाटचालीत टिपणवही पकडली जाऊ नये म्हणून त्यांनी तिची पाने फाडून बुटांत दडवली आणि पुढे नव्याने लिहून काढली.